ऐंशी लिटर पाणी

मुंबईचं बरंचसं पाणी ज्या भांडुपात गाळून पुढं जातं, त्याच भांडुपात राहून ऋतिकाला ऐंशी लिटर पाणी धड गाळता येईना.

इमारतीच्या मागं, गणपतीचा मांडव पडतो त्या मोकळ्या जागेत एक जुनी ट्रॅव्हलर उभी होती. पूर्वी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. बाबांनी तिचा पिवळा रंग खरवडून पांढरा मारून घेतला होता, तरी दारांच्या फटींतून पिवळा अजून डोकावत होता. आतल्या सीट काढून दोन पलंग, एक ओटा, हात धुवायला बेसिन आणि पडद्याआड संडास, असा लहानसा संसार बसवला होता. सुताराने काम वेळेत दिलं, वायरमननेही दिलं. अडलं ते पाण्यापाशी आणि पाण्याचं खातं ऋतिकाने स्वतःहून मागून घेतलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, अंधेरीच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या मसाल्यांची आणि सरबतांची परीक्षा करणारी मुलगी घरात असताना ते दुसऱ्या कुणाला द्यायचं तरी कसं?

त्या रविवारी सकाळी ती पलंगाखाली डोकं घालून आडवी झाली होती. फिल्टरच्या डब्याचं झाकण किल्लीने फिरवून तिने आतला स्पन बाहेर ओढला. स्पन म्हणजे धाग्याची जाडसर पांढरी नळी. पाण्यातली माती, गाळ, गंज सगळं ती अडवते. आठवड्यापूर्वी बसवलेली ती नळी आता पांढरी राहिली नव्हती. तिच्यावर विटकरी लाल डाग पसरले होते.

"परत लाल!" ऋतिका पलंगाखालूनच ओरडली.

"दाखव," निलेश म्हणाला. तो तिचा मोठा भाऊ, विम्याच्या कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी गाडीच्या कामाला जुंपला जायचा आणि त्याबद्दल सतत कुरकुरायचा. "बाप रे. हे तर मागच्यापेक्षा भारी आलंय."

"आणि पंपाची जाळी? उघडलीस?"

निलेशने जाळी तळहातावर उपडी केली. तिच्यात मऊ, पांढरट तुकडे अडकले होते.

"हे बघ! हे तुझं टेफलॉन," ऋतिका उठून बसली. "किती वेळा सांगितलं, सांधा गळू नये म्हणून लावायची ही टेप नळीच्या तोंडाच्या आत जाऊ द्यायची नाही. तुझ्या टेपचे तुकडे पडतात आणि पंप गुदमरतो."

"ए, माझी टेप नीट आहे हं. मी आटे सोडून एक इंच पुढं गेलेलो नाही."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"मला काय माहीत? शास्त्रज्ञ तू आहेस." निलेशने तुकडे पँटला पुसले. "यार ऋतिका, सरळ पाण्याच्या बाटल्या घेऊन जाऊ ना. दोन खोके टाकू मागं. झकास. विषय संपला."

बाटल्यांचा विषय निघाला की ऋतिकाच्या कपाळाची शीर उडायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आईची, मालनची, किडनी बदलली होती. नवी किडनी बाबांची. "नवरा आधी डोक्यावर बसला होता, आता पोटात बसलाय," असं मालन आल्यागेल्याला सांगायची. शरीराने ती परकी किडनी टाकून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या घ्याव्या लागत, त्यांनी अंगातली लढायची ताकदच कमी होते. दुसऱ्याला साधा जुलाब होईल एवढ्याशा जंतूने तिला दवाखाना गाठावा लागे. मागच्या वर्षी मुलुंडला एका लग्नात तिने पाणी बाटलीतलंच प्यायलं, पण कोशिंबिरीची वाटी कुठल्या तरी पिंपातल्या पाण्यात विसळलेली होती. दोन आठवडे सलाईन. तेव्हापासून मालन उंबरठ्याबाहेर पडायची ती फक्त डॉक्टरांकडे.

आणि तिला जायचं होतं माहेरी, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या गावात, देवीच्या जत्रेला. ऑपरेशनला नेताना ती देवीला बोलली होती की जगले तर तुझी ओटी माझ्या हाताने भरीन. दरवर्षी जत्रा यायची आणि जायची. दरवर्षी मामा फोनवर म्हणायचा, "मी भरतंय तुझ्या नावान," आणि दरवर्षी ही म्हणायची, "नको. माझी मी भरीन." या वर्षी डॉक्टरांनी मान डोलावली, पण एका अटीवर. पिण्याचंच नव्हे, दात घासायचं, भाजी धुवायचं, वाटी विसळायचं, सगळं पाणी स्वच्छ आणि खात्रीचं हवं. संडास स्वतःचा हवा. बाबा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, "मग घरच घेऊन जाऊ." आणि ट्रॅव्हलर आली.

जत्रा दोन आठवड्यांवर आली होती.

"बाटल्यांनी भाजी धुणार आहेस?" ऋतिका म्हणाली. "भांडी? हात? कुठं तरी कुणी तरी म्हणणारच, एवढ्याने काय होतंय. मागच्या वर्षी एवढ्यानेच झालं."

निलेश पुन्हा जाळी घासू लागला. मागच्या वर्षी 'एवढ्याने काय होतंय' असं म्हणणारा तोच होता.

तिची योजना कागदावर सुंदर होती. पलंगाखाली स्टीलची टाकी. टाकीतून पंप, पंपातून स्पन, स्पनमधून कोळशाचा फिल्टर, तिथून जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्याखालून नळ. टाकीत मोजून क्लोरीन. प्रत्येक टप्प्याला कारण होतं आणि प्रत्येक कारण तिने बाबांना बसवून समजावलं होतं. बाबांनी सगळं ऐकून विचारलं होतं, "म्हणजे नळातून पाणी येईल ना?"

येत होतं, पण करंगळीएवढ्या धारेने. पंप धापा टाकायचा. आणि क्लोरीन! ती संध्याकाळी मापून घालायची आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन तपासावं तर औषधालाही शिल्लक नसायचं. बंद टाकीतलं क्लोरीन जातं कुठं? काही तरी त्याला खात होतं.

तिने घाटकोपरला टाकी बनवणाऱ्या विद्याधरला फोन लावला.

"गंज आहे तुमच्या टाकीला."

"मॅडम, चांगल्यातलं चांगलं स्टील वापरलंय. गंजली तर आणा परत आणि माझ्या टाळक्यात घाला."

"मग लाल काय येतंय?"

"तुमच्या इमारतीच्या पाइपाचं येत असंल. मला काय विचारता?"

तिने इमारतीच्या नळाचं पाणी नव्या स्पनमधून तासभर सोडून पाहिलं. स्पन पांढराच राहिला. म्हणजे विद्याधर खोटं बोलत होता. मग तिने टाकीचं पाणी अंधेरीला नेऊन त्यात लोह तपासलं. निघालं जवळजवळ शून्य. म्हणजे विद्याधर खरं बोलत होता. मग तिने स्वतःचीच समजूत घातली की गंज विरघळत नाही, त्याचे कण असतात, ते सगळे स्पनमध्येच अडकत असतील. ही समजूत तिला स्वतःलाही पुरती पटली नव्हती, पण दुसरी सापडत नव्हती. आजवर करत आली तशीच तिने टाकी रिकामी केली, धुण्याच्या सोड्याने घासली, भरली, क्लोरीन घातलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा रिकामी, पुन्हा सोडा, पुन्हा भरणं. हात सोड्याने फाटले. सोसायटीचा सेक्रेटरी बाबांना म्हणाला, "जयवंतराव, पोहण्याचा तलाव काढताय काय?"

प्रत्येक वेळी टाकी भरून ती गाडीतून उतरली की मालन खिडकीतून विचारायची, "भरलं का गो पाणी?"

"भरलं."

"सगळं नवीन?"

"हो, सगळं नवीन. पण तू खाली येऊ नकोस हं. लाकडाचा भुसा आहे, धूळ आहे. बस तू."

"बसलंय," मालन म्हणायची.

मधल्या बुधवारी तिने नळाच्या पाण्याचा नमुना जंतूंच्या तपासणीला दिला. प्रयोगशाळेतली तिची मैत्रीण नमिता शुक्रवारी बशी हातात घेऊनच आली. बशीवर ठिपके उगवले होते, अंगावर गोवर उठावा तसे.

"हे कुठल्या नाल्याचं?" नमिताने हसत विचारलं.

"माझ्या फिल्टरचं."

नमिता हसायची थांबली. "सॉरी गं. पण एवढे जंतू जगतात म्हणजे त्यांना खायला मिळतंय. काही तरी आहे आत. साखर, पीठ, असलं काही."

"स्टीलच्या बंद टाकीत पीठ कुठून येईल, नमिता?"

"मला काय विचारतेस? मी फक्त मोजते."

संध्याकाळी घरी येऊन तिने जाहीर केलं की पाणी नापास झालंय आणि हे असंच राहिलं तर जाणं रद्द. बाबा पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली ठेवला. निलेशने बाटल्यांचा 'ब' काढला आणि तिच्याकडे पाहून गिळला. मालन आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही, पण त्या रात्री तिने मामाचा फोन उचलला नाही.

मग रविवार उजाडला. शुक्रवारी पहाटे निघायचं होतं.

ऋतिका आणि निलेश सकाळपासून गाडीत होते. स्पन काढला, तो लालच. जाळी उघडली, आत पांढरे तुकडेच. ऋतिकाने ते स्टीलच्या ताटलीत खरवडून काढले.

"मी परवा सगळी टेप काढून नव्याने लावली," निलेश म्हणाला. "तुझ्यासमोर. तू डोळ्याला चष्मा लावून बसली होतीस."

"मग नीट लावली नसशील."

"तूच 'ठीक आहे' म्हणालीस!"

"मी ठीक म्हणाले कारण मला सकाळी कामावर जायचं होतं! सगळं मीच बघायचं का? टाकी मी, क्लोरीन मी, रिपोर्ट मी. तुला एक टेप गुंडाळता येत नाही?"

"नाही येत! मी विमा विकतो! तू ये, तू गुंडाळ!" असं म्हणत त्याने नळीची पत्र्याची क्लिप रागाने उचकटली. ती सटकली आणि अंगठा चरकन कापला गेला. "आई गं!"

"बघू. थांब, हलू नकोस." प्रथमोपचाराची पेटी ओट्याच्या खणात होती. ऋतिकाने बेटाडिनची बाटली काढली आणि त्याच्या अंगठ्यावर धरली. रागाने ती अजून त्याच्या तोंडाकडेच बघत होती. औषध अंगठ्यावर कमी आणि खाली ताटलीत जास्त सांडलं.

"माझ्या अंगठ्याला लाव, ताटलीला नको," निलेश म्हणाला.

ऋतिका ताटलीत पाहत होती.

तपकिरी औषध जिथं पांढऱ्या तुकड्यांवर पडलं होतं, तिथले तुकडे निळे झाले होते. निळे कसले, शाईसारखे काळेनिळे.

"काय झालं?"

"टेफलॉन निळं होत नाही," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"टेफलॉन कशानेच काही होत नाही. बेटाडिनमध्ये आयोडीन असतं. आयोडीनने निळं काय होतं? सांग. सातवीत शिकलास."

"मी सातवीत क्रिकेट खेळत होतो."

"स्टार्च. पीठ, बटाटा, भात." ती एकेक शब्द सुटा उच्चारत होती. नमिताची बशी तिच्या डोळ्यांसमोर आली. खायला मिळतंय. "निलेश, हा भात आहे. तांदूळ. भिजून फुटलेला तांदूळ."

"टाकीत तांदूळ कुठून येईल?" असं म्हणून तो थांबला आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं टेफलॉन नव्हतं."

पण ऋतिका एव्हाना गाडीतून उतरली होती. गाडीच्या पुढच्या बाजूला बाबांनी शनिवारी बांधलेलं लिंबू-मिरची लोंबत होतं. तिने दोरा तोडला आणि लिंबू दातांनी फोडलं.

"अगं ए! बाबा मारतील!"

तिने लाल स्पन मांडीवर घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. लाल डाग पिवळा झाला. हळूहळू नाही, बघता बघता. लिंबाचा रस जिथवर ओघळला, तिथवर पिवळी रेघ उमटत गेली. गंज असा रंग बदलत नाही. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं की आई साबण लावायची आणि डाग लालभडक व्हायचा, लिंबू लावलं की पुन्हा पिवळा. प्रत्येक घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असलेली गोष्ट. आणि ती गेले कित्येक दिवस टाकी सोड्याने घासत होती, सोड्याचा अंश आत ठेवत होती, आणि हळदीला स्वतःच्या हाताने लाल करून तिला गंज म्हणत होती. लोह तपासलं तेही पाण्यात. डागावर ॲसिडचा एक थेंब टाकायची बुद्धी झाली नाही.

तांदूळ आणि हळद.

"अक्षता," निलेश म्हणाला.

दोघं एकदमच वर, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहू लागले.

मालन जमिनीवर पाट घेऊन बसली होती. समोर परातीत ओटीचं सामान मांडलेलं होतं: हिरवा खण, नारळ, सुपारी, वाटीभर तांदूळ, आणि गावाहून आलेल्या घरच्या हळदी-कुंकवाच्या दोन डब्या. जाणं रद्द होणार म्हणून मुलगी ओरडत होती, तरी ही ओटी मांडतच होती. बाबा खुर्चीत बसून नारळाची शेंडी सारखी करत होते.

ऋतिका दारातच उभी राहिली. हातात तो अर्धा लाल, अर्धा पिवळा स्पन.

"आई, टाकीत हळद-कुंकू कोण टाकतं?"

"मी," मालन म्हणाली. जणू चहा कुणी केला असं विचारलं होतं.

"तू?"

"नवीन पाणी भरलं की हळद-कुंकू वाहायचं असतं, अक्षता टाकायच्या असतात. आमच्याकडे विहीर खणली तेव्हा आधी पाण्याक हात लावूक दिलो नव्हतो कोणाक. पूजा झाली, मग घागर."

"एकदा ना? एकदा करायची ना?"

"तूच दर वेळी म्हणायचीस, सगळं नवीन भरलं. मग नव्या पाण्याची पूजा नको? आधीचं वाहून गेलं ते गेलं."

यात तर्काची कुठलीच चूक नव्हती आणि त्यामुळे ऋतिकाचा संताप आणखीच वाढला.

"पण तू खाली गेलीस कधी? तुला मी सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून!"

"दुपारी. तू कामावर असतेस तेव्हा. तोंडाला फडका बांधून. जरा बसते त्या पलंगावर, मग येते वर." तिने सुपारी नारळाशेजारी सरकवली. "चिमूटभरच टाकलंय."

"चावी?"

बाबा नारळावरून नजर न काढता म्हणाले, "मी द्यायचो."

"बाबा! तुम्हाला माहीत होतं? मी निलेशला शिव्या घालतेय, त्या विद्याधरशी भांडतेय, तुम्ही ऐकत होता ना?"

"मला वाटलं टेफलॉनच असेल," बाबा म्हणाले. "तू एवढं खात्रीने सांगत होतीस. आणि मी तीस वर्षं स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं, कधी इंजिन बिघडलं नाही."

"स्टिअरिंग कुणी पीत नाही, बाबा!" ऋतिकाचा आवाज चढला. "मी मरमर मरतेय तुझ्यासाठी, आई. हात बघ माझे. आणि तू तुझ्याच हाताने तुझं पाणी घाण करतेस!"

शब्द तोंडातून गेला. निलेशने कापलेला अंगठा उगाच न्याहाळला.

मालनने कुंकवाच्या डबीचं झाकण लावलं. मग हळदीच्या. मग खण उचलून घडी घातली, नीट, काठाला काठ जुळवून.

"मी येत नाही," ती म्हणाली. "ओटी तुम्ही न्या. मामाच्या हातात द्या, तो भरेल."

"आई, तसं नाही..."

"नाय गो चेडवा, तुझा खरा आसा. माका काय ठावक तुझा क्लोरीन नि काय ता. पण गाडी कोणासाठी घेतली? माझ्यासाठी ना? पलंग कसा हवा, कुणी विचारलं? पडदा कसला हवा, कुणी विचारलं? बस तू, येऊ नको तू, हात लावू नको तू. बसलंय तीन वर्षं." ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "म्हटलं, एवढं तरी आपल्या हाताने करूया."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

ऋतिका तिथंच उभी राहिली. तिला अजूनही राग येत होता आणि आता तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. हळद-कुंकू चुकीचंच होतं. ठिपक्यांनी भरलेली बशी खोटी नव्हती. पण मूळ प्रश्न सोपा होता आणि तो तिने कधी विचारला नव्हता. टाकीत काय पडतंय, हे तिने पाण्याला विचारलं, पत्र्याला विचारलं, घाटकोपरला विचारलं. घरात नाही विचारलं.

"सॉरी म्हण," निलेश म्हणाला.

"म्हणते. थोडी शांत होऊ देत तिला."

"तिला नाही. मला. टेफलॉनबद्दल."

तिने स्पन त्याला फेकून मारला.

खाली जाऊन तिने टाकी रिकामी केली. सोडा नाही, या वेळी आधी लिंबाचं सत आणि मग नुसतं पाणी. पंप सुटा करून कोपऱ्या-कोपऱ्यातून भात काढला. नवा स्पन बसवला, कोळशाचा फिल्टर बदलला. दुपार टळून गेली. मग ती टाकीसमोर बसून विचार करू लागली, आणि विचार करता करता तिला स्वतःच्याच कागदावरचा एक नियम आठवला. टाकी धुतल्यावर पहिल्यांदा भरायची ती जादा क्लोरीन घालून. ते पाणी सगळ्या नळ्यांमधून फिरवायचं आणि ओतून द्यायचं. पिण्यासाठी दुसरं भरायचं. पहिलं पाणी असंही जाणारच होतं.

वर जाऊन तिने दार ढकललं. मालन भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण झोपलेली नव्हती. झोपलेल्या माणसाचे खांदे एवढे ताठ नसतात.

"आई, मास्क लाव आणि खाली चल."

"कशाला?"

"टाकी भरायचीय. तुझ्याशिवाय नाही भरणार."

"आता कशाला? घाण होईल."

ऋतिका पलंगाच्या कडेवर बसली. माफी मागायला तिला जड जायचं. ती नेहमी कारण सांगायची, समोरच्याने त्यातून माफी वेगळी काढून घ्यायची. "मी चुकीचं बोलले," ती या वेळी म्हणाली, आणि कारण दिलं नाही.

मालन तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "भुसा आहे ना खाली?"

"झाडलाय."

टाकीचं झाकण उघडून पहिलं पाणी भरलं, तेव्हा मालनने स्वतःच्या हाताने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून हात जोडले. बाबाही हात जोडून उभे होते. निलेशने अंगठ्याच्या पट्टीसकट जोडले. ऋतिकाने पंपाचं तोंड बंद ठेवून खालचं बूच काढलं आणि ते पिवळसर पाणी गाडीखालून वाहत मांडवाच्या जागेतल्या जास्वंदीच्या मुळाशी गेलं.

"हे देवीचं," मालन म्हणाली.

"हो. आता मी धुणार, भरणार, फिरवणार आणि ओतणार. मग जे भरू ते तुझं. त्यात तू क्लोरीन घालायचंस. हा ड्रॉपर. या खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही. आणि वीस मिनिटांनी या काचेच्या नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायची गोळी टाकायची आणि ते गुलाबी होतंय का बघायचं. झालं तर झाकण लावायचं. मग देवसुद्धा आला तरी उघडायचं नाही."

शेवटचं पाणी भरून झाल्यावर मालनने ड्रॉपर उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले आणि मोजून घातलं. वीस मिनिटं ती घड्याळाकडे पाहत पलंगावर बसून राहिली. नळी गुलाबी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा तपासली आणि ऋतिकाला कामावर फोन केला. "गुलाबी आसा. कालच्यासारखाच. झाकण नाय उघडूक, टाकीक जी खालची तोटी हा ना, थयसून घेतलंय पाणी." ऋतिका मीटिंगमध्ये होती. ती बाहेर पॅसेजमध्ये गेली आणि क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली.

मंगळवारी नमुना दिला. गुरुवारी संध्याकाळी नमिताने बशी आणली. ती कोरी होती.

तरी शुक्रवारी निघताना पंप सुरूच होईना. निलेश म्हणाला, "बाटल्या," आणि ऋतिकाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उतरून मागं गेला. वायर सुटली होती. त्याने टेप लावली. "ही विजेची टेप आहे," तो मोठ्याने म्हणाला, "नंतर टेफलॉन म्हणायचं नाही." पहाटे निघायचे ते उन्हं वर आल्यावर निघाले. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "कुणी माझं लिंबू तोडलं होतं, त्याने घाटात उतरून चालत यायचं."

पनवेल मागं टाकून गाडी एका झाडाखाली थांबली, मालनच्या गोळीच्या वेळेला. ऋतिकाने पेला नळाखाली धरला. धार जोरात आली, स्वच्छ, काचेसारखी. तिने पेला उजेडाकडे धरून पाहिला, सवयीने. मग आईच्या हातात दिला.

सगळे बघत होते. मालनने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, एक घोट तोंडात घोळवला. कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" ऋतिकाने पेल्याकडे हात नेला.

"ह्याका चवच नाय गो," मालन म्हणाली. "एवढी मेहनत केलंस, नि नुसताच पाणी."

निलेश खो खो हसत सुटला. ऋतिकाने दात आवळले.

मालनने पेला पुढं केला. "भर आणखी," ती म्हणाली.